आत ३९, बाहेर ३४

आमच्या घरी एसी नाही आणि इतक्यात येण्याची शक्यताही नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब, पश्चिमेला एक मोठी खिडकी आणि उत्तरेला एक लहान. पश्चिमेच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. उत्तरेच्या खोलीत सासूबाई असतात, त्यांचं वय ८१. गेल्या उन्हाळ्यात मी एक वस्तू विकत घेतली. ती स्वतः काहीच थंड करत नाही, तरीही पूर्ण उन्हाळाभर घरात सगळ्यांत जास्त उपयोगी पडली ती तीच. म्हणून तिच्याबद्दल नीट लिहायचं ठरवलं.

वस्तू म्हणजे भिंतीवर टांगायचा डिजिटल तापमापक. तळहाताएवढा पांढरा डबा, पडद्यावर तीन आकडे: आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि आतल्या हवेतली आर्द्रता. बाहेरच्या तापमानासाठी मागून साधारण दीड मीटरची बारीक वायर निघते, तिच्या टोकाला धातूची छोटी टोपी असते. ती खिडकीबाहेर सोडायची. एका बारीक पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी आकडे दिसतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अगदी याच साच्यातले डबे वेगवेगळ्या नावांनी विकायला असतात. घेताना एवढंच बघा की आतलं आणि बाहेरचं तापमान एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसतंय. सगळा उपयोग त्यातच आहे. नुसता आतला आकडा दाखवणारा घेतलात तर निम्मं कामही होणार नाही.

घ्यायची वेळ का आली ते सांगते. उन्हाची लाट चालू होती, तिसरा की चौथा दिवस. रात्री नऊच्या सुमाराला सासूबाई विचारलं त्याला भलतंच उत्तर द्यायला लागल्या. अंग तापलेलं, तोंड कोरडं. दिवसभर मी दर तासाला विचारत होते, "आई, उकडतंय का फार?" आणि दर वेळी त्या म्हणत होत्या, "नाही गं, मला काही होत नाही." ओल्या चादरीत गुंडाळून, पंखा जवळ आणून, तसंच डॉक्टरांकडे नेलं. वेळेवर नेलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, "त्यांच्या खोलीत तापमान किती असतं?" मला उत्तर देता आलं नाही. खूप असतं, एवढंच मी म्हणाले. मी लोकांची मापं घेऊन कपडे शिवते, अंदाजाने कुणाचं कापड कापत नाही. आणि ज्या खोलीत आमचं माणूस दिवसरात्र पडून असतं, तिथलं माप मला माहीत नव्हतं. ते फार लागलं मनाला. दुसऱ्याच दिवशी हा डबा घरात आला.

पहिल्या दिवशी मी वायर पश्चिमेच्या खिडकीतून बाहेर सोडली आणि दुपारी आकडा ५२ दाखवायला लागला. घाबरले. मग लक्षात आलं की टोपीवर थेट ऊन पडतंय, म्हणजे ती हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतेय. उन्हात ठेवलेली कुठलीही धातूची वस्तू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. वायर उत्तरेच्या खिडकीतून, सावलीत, भिंतीला न टेकता सोडली तेव्हा आकडा ४३ वर आला. डबाही बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, तापलेल्या भिंतीची धग त्यात मिसळते. आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, पंख्याच्या थेट झोतात नाही अशा जागी तो बरोबर सांगतो.

मग मी मापांच्या वहीत एक पान काढलं आणि तीन दिवस आकडे लिहिले. पहिल्या दिवसाचे असे होते. सकाळी सहाला आत ३३, बाहेर २७. दहाला आत ३४, बाहेर ३६. दुपारी तीनला आत ३८, बाहेर ४३. संध्याकाळी सहाला दोन्हीकडे जवळजवळ ३९. रात्री आठला आत ३९, बाहेर ३४. अकराला आत ३८, बाहेर ३१.

हे पान मी कितीदा वाचलं असेन. रात्री अकरा वाजता बाहेर ३१ आणि सासूबाई ३८ अंशांत झोपलेल्या! आणि आम्ही काय करत होतो? सकाळी उठल्यापासून सगळ्या खिडक्या सताड उघड्या, का तर हवा खेळती राहावी. संध्याकाळी काम आवरलं की डास येतात म्हणून खिडक्या बंद. म्हणजे बाहेर भट्टी पेटलेली असताना घर उघडं आणि बाहेर गार व्हायला लागलं की बंद. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता आत पोचायला त्याला काही तास लागतात. बाहेर सगळ्यांत जास्त तापमान तीनच्या आसपास असतं, पण आमच्या खोलीत ते सहा-सातला होतं. ऊन उतरलं की आपल्याला वाटतं सुटलो. छताखालच्या माणसाची खरी वेळ तेव्हा सुरू झालेली असते.

त्यानंतरचा नियम अगदी सरळ होता. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा मोठा झाला की बंद, लहान झाला की उघडा. घड्याळ बघायचं नाही, आकडे बघायचे. सकाळी साडेआठ-नऊला दोन्ही आकडे भेटतात, तेव्हा खिडक्या लावून पडदे ओढते. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पुन्हा भेटतात, तेव्हा दोन्ही खिडक्या पूर्ण उघडते. डासांसाठी जाळ्या मीच शिवून बसवल्या. टेबल फॅन पश्चिमेच्या खिडकीत तोंड बाहेर करून ठेवते. तो आतली तापलेली हवा बाहेर फेकतो आणि उत्तरेच्या खिडकीतून गार हवा आपोआप ओढली जाते, सासूबाईंच्या अंगावरून. आधी मी तोच पंखा तोंड आत करून, कोपऱ्यात ठेवत असे. खोलीतली ३९ ची हवा खोलीतच फिरत राहायची.

चार दिवसांत सकाळचा सहाचा आकडा ३३ वरून २९ वर आला. बाहेर फारसा फरक नव्हता. दुपारी तीनचा ३८ वरून साडेपस्तीसवर. कुणी म्हणेल अडीच अंशांनी काय होतं. ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे त्याने त्या अडीच अंशांत बसून बघावं.

पश्चिमेच्या खिडकीचा पडदा हा वेगळा विषय आहे आणि तो माझ्या धंद्यातला असल्यामुळे थोडं सांगतेच. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येतं, पडद्याला तापवतं आणि तो पडदा शेगडीसारखा खोलीतच उभा राहतो. ऊन काचेपर्यंत पोचूच द्यायचं नाही, हे खरं काम. मी जाड पांढऱ्या कापडाचा दुहेरी पडदा शिवला, वर-खाली काठी घालायला नेफे ठेवले आणि खिडकीच्या बाहेरून, काचेपासून वीतभर अंतरावर बांधला. मधून हवा जाते. तापमापकाने दाखवलं की संध्याकाळी पाच वाजता खोली आधीपेक्षा दीड अंशाने कमी आहे. वाऱ्याने फडफडतो म्हणून खालच्या नेफ्यात सळई घातली. हा आकडा दिसला नसता तर मी एवढी खटपट एकाच खिडकीवर थांबवली असती. दिसला म्हणून उत्तरेलाही लहान झडप केली, पण तिथे काही फरक पडला नाही. उत्तरेला ऊनच नसतं, मग फरक कसा पडणार. ती काढून टाकली.

इस्त्रीचंही तसंच. माझी इस्त्री १००० वॉटची. शांत बसलेलं एक मोठं माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे इस्त्री तापत असते तेव्हा खोलीत दहा माणसं येऊन बसल्यासारखं. मी दुपारी कपडे प्रेस करत असे, कारण संध्याकाळी गिऱ्हाइकं न्यायला येतात. एका दुपारी आकडा माझ्यासमोर ३६ वरून साडेसदतीस झाला आणि भिंतीपलीकडे सासूबाई होत्या. आता पहाटे साडेपाचला, खिडक्या उघड्या असताना इस्त्री करते. दोन गिऱ्हाइकांना एक दिवस जास्त लागेल असं सांगावं लागलं. सांगितलं.

आता तिसरा आकडा, आर्द्रतेचा. हा मला सुरुवातीला निरुपयोगी वाटला होता. आमच्याकडे एक जुना कूलर आहे. कोरड्या दिवसांत, आर्द्रता २० टक्के आणि तापमान ४२ असताना, तो खरंच चांगली हवा देतो. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं, त्यावरच तो चालतो. पण आम्ही काय करायचो, एसीची सवय बघून, कूलर लावला की खिडक्या-दारं गच्च बंद करायचो. तापमापक आल्यावर दिसलं की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत तापमान ३७ वरून ३३ वर येतं आणि मग तिथेच अडकतं, आर्द्रता मात्र ३० वरून ५०, ६०, ७० अशी चढत जाते. खोली दमट झाली की कूलरच्या पॅडमधलं पाणी वाफ होत नाही आणि अंगावरचा घामही वाळत नाही. अंग चिकट, जीव घाबरा. कूलर बाहेरची हवा ओढेल असा खिडकीत बसवायचा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, म्हणजे दमट हवा निघून जाते. एवढं केल्यावर आर्द्रता ५० च्या आत राहिली आणि तापमान ३१ पर्यंत उतरलं. कूलर तोच होता.

मग हवा बदलली. ढग आले, तापमान ३६ वर उतरलं आणि आर्द्रता ६० झाली. शेजारी म्हणाले, लाट गेली. मला मात्र तेव्हाच सगळ्यांत जास्त काळजी वाटली. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर तो जे दाखवतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घाम वाळून शरीर कितपत थंड होऊ शकेल हे त्यावरून कळतं. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ते साधारण २४ येतं. ३६ अंश आणि ६० टक्क्यांना ते २९ च्या वर जातं. म्हणजे सहा अंशांनी "कमी" असलेला दिवस अंगाला जास्त जड. ३५ अंश वेट बल्ब ही माणसाच्या सहनशक्तीची हद्द मानली जायची. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत तरुण, धडधाकट माणसांचीही हद्द त्याच्या खाली, दमट हवेत ३१ च्या आसपास निघाली. ८१ वर्षांच्या बाईचं काय असेल ते सांगायला नको. त्या आठवड्यात मी कूलरमधलं पाणी बंद केलं, नुसता त्याचा पंखा चालवला आणि ओल्या कपड्याने त्यांचे हातपाय पुसत राहिले.

पंख्याबद्दलही एक गोष्ट आकड्यामुळेच कळली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की खोलीतलं तापमान ४० च्या खाली असेल तरच पंखा वापरा, त्यावर गेलं की पंखा शरीराला उलट तापवतो. त्वचेचं तापमान ३५ च्या आसपास असतं, त्याहून गरम हवा अंगावर आपटत राहिली तर ती उष्णता देणारच. ४० पर्यंत मात्र घाम वाळण्याचा फायदा जास्त असतो, म्हणून पंखा बरा वाटतो. वय झालेल्यांना घामच कमी येतो, त्यामुळे त्यांचा फायदा लवकर संपतो. आमच्याकडे नियम केला की ३८ च्या वर नुसता कोरडा पंखा त्यांच्यावर सोडायचा नाही. अंगावर ओला कपडा असेल तरच. याच संघटनेने घरातलं तापमान दिवसा ३२ च्या खाली आणि रात्री २४ च्या खाली ठेवायला सांगितलं आहे. आमच्या छताखाली हे जमणारं नाही. पण ३२ हा आकडा मी डब्याच्या वर चिकटपट्टीवर लिहून ठेवला आहे, किती लांब आहोत ते कळावं म्हणून.

एवढ्या आकड्यांची गरज काय, असं विचारणाऱ्यांसाठी. २०२१ च्या जूनअखेर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लाट आली. लिटन नावाच्या गावात २९ जूनला ४९.६ अंश नोंदले गेले. त्या आठवड्यात उष्णतेने ६१९ माणसं गेली आणि त्यातली ९८ टक्के घराच्या आत होती. उन्हात राबणारी नव्हेत, घरात बसलेली. दोनतृतीयांश सत्तरीच्या पुढची, निम्म्याहून जास्त एकटी राहणारी. २००३ च्या युरोपातल्या लाटेत ७०,००० हून जास्त लोक गेले, त्यातही म्हातारी माणसं फार. वय वाढलं की तहान कमी लागते, उकाडाही कमी जाणवतो. "मला काही होत नाही" हे सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच जाणवत नव्हतं. म्हणून मी आता "उकडतंय का" विचारतच नाही. ३४ झाले की तासाला एक भांडं पाणी, ३६ झाले की मानेवर आणि दंडांवर ओला कपडा. त्यांना वाटो न वाटो. पहिले काही दिवस त्या चिडल्या. "तहान नसताना कशाला पाजतेस?" मी डबा दाखवला. "आई, हा तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा खरं सांगतो." एक मात्र आहे, माणूस असंबद्ध बोलायला लागलं, गुंगी आली, अंग भट्टीसारखं तापलं, तर कुठलाही आकडा बघत बसू नका. ओलं करा, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता दोष. आर्द्रतेचा आकडा जसा येतो तसा खरा मानू नका. मी मिठाने तपासला: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन, थोडं पाणी घालून चिखलासारखं केलं आणि तापमापकासकट घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात रात्रभर ठेवलं. अशा बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझ्या यंत्राने ७० दाखवले, म्हणून मी दर वेळी पाच मिळवते. तापमान ठीक आहे, डॉक्टरांच्या खोलीतल्या तापमापकाशी ताडून पाहिलं तर अर्ध्या अंशाचा फरक. पण तो आळशी आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला की खरा आकडा यायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ थांबायला हवं. दिवसातलं सगळ्यांत जास्त आणि कमी तापमान तो लक्षात ठेवतो, हे फार कामाचं, मात्र सेल बदलला की ते पुसलं जातं. वायर आखूड पडते. खिडकीच्या फटीत ती चेपून आतली तार तुटू शकते, मी तिथे रबराचा तुकडा लावला. पडद्यावर एक हसरा-रडका चेहरा येतो, त्याच्याकडे बघूच नका. ३३ अंशांनाही तो हसताना मी पाहिला आहे. पडद्यामागे दिवा नाही, रात्री बॅटरी घेऊन उठावं लागतं.

आणि सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे गजर नाही. ठरवलेल्या आकड्याला वाजेल असा असता तर मशीनवर बसल्या बसल्या कळलं असतं. आता मला टाके सोडून उठून बघावं लागतं आणि कामाच्या गडबडीत एखादा तास हुकतो. गजर असलेला मिळाला तर तोच घ्या, मी पुढच्या वेळी घेणार आहे. या उणिवेपायी मी पाचपैकी चारच देते.

तोवर आम्ही एक व्यवस्था केली आहे. डबा आता सासूबाईंच्या पलंगासमोर, त्यांना चष्मा लावून वाचता येईल एवढ्या अंतरावर टांगला आहे. आर्द्रतेचे आकडे बारीक आहेत, ते त्यांना दिसत नाहीत, पण आतला-बाहेरचा दिसतो. काल संध्याकाळी मी कॉलर बसवत होते तेव्हा आतून हाक आली, "अगं, बाहेरचा खाली आला बघ. खिडक्या उघड." सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आत ३६, बाहेर ३५.